कॉन्व्हेंटचा जमाखर्च

'कॉन्व्हेंट' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पहिल्यांदा ऐकला तो मत्सराने. शेजारची मुलगी टाय लावून कॉन्व्हेंटात जायची आणि आपण खाकी दप्तर घेऊन नगरपालिकेच्या शाळेत. पुढे वधूवरांच्या जाहिरातींत 'कॉन्व्हेंट-शिक्षित' हे विशेषण 'गोरी' आणि 'गृहकृत्यदक्ष' यांच्या पंक्तीला बसलेले पाहिले. आता तर गल्लीतल्या तीन खोल्यांच्या इंग्रजी शाळेच्या पाटीवरही 'कॉन्व्हेंट' असते, आणि तिथे औषधालाही नन सापडत नाही. थोडक्यात, कॉन्व्हेंट म्हणजे पैसा, शिस्त आणि फर्डे इंग्रजी, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे.

या समीकरणाला माझ्यापुरता पहिला तडा गेला तो हेस्टिंग्जच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात. तिथे जुलियाना वॉडम यांचे 'द केस ऑफ कॉर्नेलिया कॉनेली' हे १९५६ सालचे पुस्तक हाताला लागले. कॉर्नेलियाने चालवलेली शाळा तिथून हाकेच्या अंतरावर, सेंट लेनर्ड्सला होती. म्हणून सहज उत्सुकतेने ते विकत घेतले. ते संपल्यावर राहवले नाही, आणि रॅडगंड फ्लॅक्समन यांचे 'अ वुमन स्टाइल्ड बोल्ड' हे १९९१ चे जाडजूड चरित्रही मिळवून वाचले. दोन्ही पुस्तके वाचनीय आहेत. पण दोन्ही मिटल्यावर माझ्या मनात जो प्रश्न राहिला, त्याबद्दल इथे लिहायचे आहे. शाळा काढणाऱ्या बाईची गोष्ट सांगताना आपण शाळेची गोष्ट सांगतो का?

आधी कॉर्नेलिया कोण, ते सांगायला हवे. जन्म १८०९, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात. १८३१ मध्ये पिअर्स कॉनेली या एपिस्कोपल पंथाच्या धर्मोपदेशकाशी तिचे लग्न झाले. चारच वर्षांत पिअर्सला कॅथलिक पंथाची ओढ लागली आणि दोघांनी तो स्वीकारला. पंथ बदलल्यावर त्याची नोकरी गेली. लुइझियानातल्या ग्रँड कोटो गावी तो जेझुइटांच्या कॉलेजात शिकवू लागला आणि ती तिथल्या सेक्रेड हार्टच्या नन्सच्या शाळेत संगीत. त्यांना पाच मुले झाली. त्यांतली एक मुलगी तान्हेपणीच गेली. लहानगा जॉन हेन्री १८४० मध्ये उकळत्या उसाच्या रसाच्या काहिलीत पडला आणि आईच्या मांडीवर त्याने प्राण सोडला. त्याच वर्षी पिअर्सने तिला सांगितले की मला कॅथलिक धर्मगुरू व्हायचे आहे. कॅथलिक धर्मगुरूला संसार चालत नाही. म्हणजे बायकोने मोकळे केल्याशिवाय हे शक्य नव्हते. तिने होकार दिला, १८४४ मध्ये दोघे रीतसर विभक्त झाले आणि १८४५ मध्ये रोममध्ये पिअर्सला दीक्षा मिळाली. आपल्याकडे नवऱ्याने संन्यास घेतल्यावर मागे राहिलेल्या बायकोचे काय होते हे आपण संतचरित्रांतून वाचलेले असते. इथे मागे राहिलेल्या बाईला चर्चने सांगितले की इंग्लंडला जा आणि मुलींसाठी शाळा काढ.

१८४६ च्या ऑक्टोबरात ती डर्बीला आली. पुढे कार्डिनल झालेल्या निकोलस वाइजमन यांनी तिला बोलावून घेतले होते. तिच्या नव्या संस्थेचे नाव सोसायटी ऑफ द होली चाइल्ड जीझस. हाताशी मूठभर उमेदवार नन्स, राहायला नवीकोरी इमारत, आणि त्या इमारतीवर कर्ज. डर्बी हे रेशीम गिरण्यांचे गाव. दिवसा दोनशेच्या आसपास गरीब मुली, संध्याकाळी गिरणीत राबणाऱ्या बायकांचा वर्ग आणि रविवारी आणखी एक शाळा, असा पसारा पहिल्या काही महिन्यांतच उभा राहिला. शिकवणाऱ्यांपैकी काहीजणींना स्वतःलाच शिकवावे लागत होते. दोन वर्षांनी कर्जाचा तिढा सुटेना, तेव्हा डर्बी सोडून सेंट लेनर्ड्सला जावे लागले. साल होते १८४८. हेच ते वर्ष, ज्या वर्षी पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. दोन्ही शाळांमध्ये समुद्राइतके अंतर आहे हे मला कळते. पण मुलींना शिकवायला निघालेल्या बाईची लढाई केवळ निरक्षरतेशी नसते, घराशी आणि धर्माशीही असते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

कॉर्नेलियाच्या बाबतीत ती लढाई अक्षरशः घराशी झाली. ननची उमेदवारी करायची तर मुले जवळ ठेवता येणार नाहीत, असा वरून आदेश आला. मोठा मर्सर आधीच बोर्डिंगात होता. धाकट्यांनाही निवासी शाळेत पाठवावे लागले. इकडे धर्मगुरू झालेल्या पिअर्सला बायकोवरचा हक्क काही सुटेना. तिच्या संस्थेच्या कारभारातही तो लुडबुड करू लागला. तिने दाद दिली नाही, तेव्हा जानेवारी १८४८ मध्ये तो तिन्ही मुलांना तिला न सांगता परदेशी घेऊन गेला. फ्रँक तेव्हा सहा वर्षांचा होता. कायद्याने मुले बापाची होती. मुले परत हवी असतील तर कॉन्व्हेंट सोडून नवऱ्याकडे यायचे, एवढाच मार्ग तिच्यापुढे राहिला. ती गेली नाही.

मग १८४९ मध्ये पिअर्सने कॅथलिक पंथ सोडून इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयात बायकोवर दावा लावला. दावा कसला? 'वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा'.

हे शब्द वाचले आणि मी पुस्तक बाजूला ठेवून उठले. मराठी वाचकाला हे शब्द नवे नाहीत. १८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईंवर लावलेला दावा नेमका हाच. अकराव्या वर्षी लावलेले लग्न मला मान्य नाही, असे रखमाबाईंनी ठणकावून सांगितले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि हा दावा हिंदू परंपरेतला नसून इंग्लंडातून आयात झालेला आहे हे दाखवून दिले. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी मात्र नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला असता. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि १८८९ मध्ये त्या डॉक्टर व्हायला इथेच, लंडनला आल्या. रखमाबाईंवर उगारलेली काठी इथे कोणाकोणाच्या पाठीवर पडली, हे मी तोवर कधी विचारलेच नव्हते. पस्तीस वर्षे आधी ती एका शाळेच्या मुख्याध्यापिकेवर उगारली गेली होती. इंग्लंडने हा दावा १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून अजून आहे.

मार्च १८५० मध्ये न्यायाधीश सर हर्बर्ट जेनर फस्ट यांनी पिअर्सच्या बाजूने कौल दिला. रोमने मान्य केलेली फारकत इंग्लंडच्या कायद्याला मान्य नव्हती. त्याच वर्षी पोपने इंग्लंडमध्ये पुन्हा बिशप नेमले आणि देशभर कॅथलिकविरोधी संतापाची लाट उसळली. कॉन्व्हेंट म्हणजे मुलींना फूस लावून कोंडून ठेवण्याची जागा, असे छापणारी पत्रके धडाधड खपत होती. पिअर्सने स्वतःही त्यांत भर घातली आणि प्रकरण पार्लमेंटपर्यंत नेले. बदनामी टाळण्यासाठी कॉर्नेलियाने देश सोडून जावे, असा दबाव तिच्याच बाजूच्या बड्या मंडळींनी आणला. ती हलली नाही. १८५१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने आधीचा निकाल टिकू दिला नाही. नव्याने दावा लढवायचा तर आधी खर्च भरा, असे पिअर्सला सांगितले. तो खर्च त्याने भरला नाही आणि खटला विझला. मुले मात्र परत आली नाहीत.

ही सगळी हकीकत वॉडम बाईंनी फार चटकदार सांगितली आहे. कादंबरीसारखी पाने उलटतात. पण पुस्तकाच्या नावातच 'केस' आहे, आणि तिथेच त्याची मर्यादाही आहे. खटल्याचा निकाल लागला की पुस्तकाचा श्वास मंदावतो, आणि शाळा मागच्या पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यासारखी राहते. १९२२ मध्ये संस्थेतल्याच एका भगिनीने निनावी लिहिलेले चरित्रही आहे. त्यात भक्तिभाव दाटून आहे, आणि संताच्या चरित्रात वाणसामानाच्या बिलाला जागा नसते. १९९२ मध्ये रोमने कॉर्नेलियाला 'आदरणीय' ही पदवी दिली, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी ती चढली. फ्लॅक्समन याही संस्थेच्याच सदस्य. तरी त्यांचे पुस्तक मला या सर्वांत उजवे वाटले, कारण त्यांनी दप्तरे उघडली. पत्रव्यवहार, जमिनीचे कागद, बिशपांशी झालेले तंटे. वाचताना थकायला होते हे खरे. पण त्या थकव्यातूनच शाळा चालवणे म्हणजे काय ते कळते.

काय असते ते? पहिली गोष्ट जागा. सेंट लेनर्ड्सची मालमत्ता जोन्स नावाच्या एका वृद्ध धर्मगुरूंची. १८५१ मध्ये ते वारले आणि जागा कॉन्व्हेंटची की तिथल्या भाविकांची, असा वाद पेटला. अर्धवट बांधलेल्या चॅपलवरून भांडणे झाली. वाइजमन यांच्याशीही या मालमत्तेवरून बिनसले. वाद रोमपर्यंत गेला आणि वर्षानुवर्षे रेंगाळला. म्हणजे ज्यांच्या शब्दावर ती या देशात आली, त्यांच्याशीच तिला कागदोपत्री झगडावे लागले.

दुसरी गोष्ट पैसा. गरिबांच्या शाळेतून पैसा येत नाही. म्हणून श्रीमंत मुलींचे निवासी विद्यालय चालवायचे आणि त्या फीवर बाकीचे ओढायचे. १८४७ पासून कॅथलिक शाळांनाही सरकारी अनुदान मिळू लागले, पण त्यासाठी तपासनीस येणार आणि शिक्षक प्रशिक्षित हवेत. म्हणून १८५६ मध्ये तिने सेंट लेनर्ड्सला शिक्षिकांचे प्रशिक्षण विद्यालय काढले. ते फार वर्षे टिकले नाही. पुढे ससेक्समधल्या मेफील्डला आर्चबिशपांच्या मध्ययुगीन वाड्याचे पडके अवशेष डचेस ऑफ लीड्स यांनी दिले, पण अट अशी की ते बांधून काढायचे. नन्स झोळी घेऊन वर्गणी मागत युरोपभर फिरल्या तेव्हा कुठे १८६० च्या दशकात त्या कमानींवर छप्पर चढले. आपल्याकडे कर्व्यांच्या आश्रमासाठी बाया कर्वे वर्गणी मागत फिरल्या, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे शिकवायचे काय. १८६२ मध्ये सरकारने 'रिव्हाइज्ड कोड' आणला. मुलाची हजेरी आणि वाचन, लेखन, गणित यांतली परीक्षा यांवर अनुदान ठरणार. ज्याला आपण घोकंपट्टी म्हणतो तिला सरकारी पैसा मिळू लागला. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, कॉर्नेलियाने आपल्या शाळांसाठी अभ्यासक्रमाचे पुस्तक छापले. त्यात धर्मशिक्षण, व्याकरण, गणित, इतिहास, भूगोल तर आहेतच. पण चित्रकला आणि संगीत ही तिथे श्रीमंतांच्या मुलींची नखरेल शोभा नाही, शिक्षणाचा गाभा आहे. नाटकाला जागा आहे. मुलींवर फ्रेंच कॉन्व्हेंटांसारखी अष्टौप्रहर पाळत न ठेवता विश्वास टाकावा, हा तिचा आग्रह होता. कोर्टाने, नवऱ्याने आणि अर्ध्या देशाने जिच्यावर अविश्वास दाखवला, तिने मुलींना विश्वासाने वाढवायचे ठरवले. हा तिचा खरा ग्रंथ. कोणत्याही चरित्रकाराने मुख्य भर त्यावर द्यायला हवा होता असे मला वाटते.

पण कौतुकात वाहून जाणेही बरे नाही. शाळांची वर्गवारी तिने मोडली नाही. फी भरणाऱ्यांची शाळा वेगळी, गरिबांची वेगळी. नन्समध्येही शिकवणाऱ्या भगिनी आणि घरकाम करणाऱ्या भगिनी असा भेद होता. काळच तसा होता, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. भिडेवाड्यातल्या शाळेने त्याच काळात यापेक्षा अवघड भिंत तोडायला घेतली होती.

आणि मुलांचे काय? हा प्रश्न तिन्ही पुस्तके आपापल्या परीने हाताळतात. एकात तो त्याग होतो, दुसऱ्यात शोकांतिका, तिसऱ्यात कागदपत्रांचा क्रम. मर्सर १८५३ मध्ये न्यू ऑर्लिन्सला पीतज्वराने गेला. फ्रँक शिल्पकार झाला आणि ज्या चर्चने आपली आई नेली त्याच्याबद्दल जन्मभर कडवट राहिला. एडलाइन बापाजवळच राहिली. पिअर्स पुढे फ्लॉरेन्सला अमेरिकन चर्चचा धर्मोपदेशक होऊन १८८३ मध्ये वारला. संस्था उभी राहताना घरात काय घडते, हे सांगायला आपल्याकडे बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' आहे. फ्रँकचे किंवा एडलाइनचे तसे पुस्तक नाही. त्यामुळे या जमाखर्चाची एक बाजू कायम कोरीच राहते, आणि चरित्रकारांनी ती कोरी आहे हे अधिक मोकळेपणाने सांगायला हवे होते.

चर्चनेही तिला काय दिले? तिच्या संस्थेच्या नियमावलीला रोमची मान्यता मिळावी म्हणून ती १८५४ पासून झटत होती. १८७४ मध्ये साउथवार्कचे बिशप डॅनेल यांनी आपलीच नियमावली नन्सवर लादली. कॉर्नेलिया १८७९ मध्ये गेली. मान्यता आली १८८७ मध्ये. इथे पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये त्या ऑक्सफर्डजवळच्या वाँटेजला अँग्लिकन नन्सच्या मठात राहिल्या, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी काय मानावे, कोणाला शिकवावे, मनोरमेला कसे वाढवावे यावर वरिष्ठांनी हुकूम सोडायला सुरुवात केली, तेव्हा रमाबाईंनी आपली बुद्धी कोणाकडे गहाण ठेवली नाही. भारतात परतून १८८९ मध्ये त्यांनी स्वतःचे शारदा सदन काढले. कॉर्नेलियाने मान तुकवली आणि संस्था टिकवली. रमाबाईंनी वाकायला नकार दिला आणि वेगळी संस्था उभारली. माझे मन रमाबाईंकडे झुकते. पण मान तुकवण्यालाही बळ लागते, हे फ्लॅक्समन यांचे पुस्तक वाचून मी कबूल करते.

हे सगळे मला इतके का भिडले, तेही सांगते. मी बरीच वर्षे आपल्या मुलांचा रविवारचा मराठी वर्ग चालवला. कॉर्नेलियाशी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण हॉलचे भाडे, किल्ली कोणाकडे, पुस्तके कोण आणणार, येतो म्हणून न आलेले शिक्षक, आणि 'पोरांना उपयोग काय याचा?' असे विचारणारे पालक, हे सगळे मी पाहिले आहे. आणि त्या वर्षांत माझी स्वतःची मुलगी मागच्या बाकावर बसून माझी वाट पाहायची. मी इतरांच्या मुलांना बाराखडी शिकवत होते. ती आता मोठी झाली आहे आणि मला इंग्रजीत पत्र लिहिते. तिने कधी तक्रार केली नाही. मीही अजून विचारलेले नाही.

फ्लॅक्समन यांचे पुस्तक लायब्ररीतून मागवता येईल. वॉडम यांचे माझ्याकडे आहे, कोणाला हवे असल्यास जरूर न्यावे. वाचताना खटल्याची पाने भराभर उलटली तरी चालतील. जागा, पैसा आणि शिक्षक यांबद्दलची पाने मात्र सावकाश वाचा. पुढच्या रविवारी मुलाला मराठी वर्गात सोडायला जाल, तेव्हा खुर्च्या मांडायला दहा मिनिटे थांबलात तर तिथल्या बाईंना बरे वाटेल.